पतंगगाडीला साडीगार्ड

माझ्या नवऱ्याचं नाव सुधाकर. तोंडाने मी ‘अहो’ म्हणते, लिहिताना सरळ नावाने लिहिते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला एवढी सूट असायला हरकत नाही. तो पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, मी शाळेतून. खामगावात घर आहे, मुलं पुण्याला आहेत, समोर कोकिळा राहते आणि रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला येते. म्हणजे सगळं बरं चाललेलं होतं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण निवृत्त क्लार्कला गप्प बसवत नाही, हे ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या जुन्या मंडळींबरोबर आम्ही कोकणात सहलीला गेलो. किनाऱ्यावर सगळे शहाळी पीत उभे होते आणि समोरून एक गाडी गेली. तीन जाड चाकं, मधे झोळीसारखी बैठक, त्यात एक माणूस जवळजवळ वाळूला टेकून बसलेला. गाडीला इंजिन नाही, पेडल नाही. त्याच्या दोन हातांत दोन मुठी, मुठींना दोऱ्या आणि दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला वर आभाळात एक भलामोठा निळा पतंग. पतंग ओढत होता आणि गाडी भरधाव पळत होती. पाय पुढच्या चाकाच्या दांडीवर, पायानेच वळवायचं. सुधाकर शहाळं विसरून त्या गाडीकडे बघत राहिला. मी त्या माणसाच्या हातांकडे बघत होते. मनगट जरा वळलं की तिकडे वर पतंग वळायचा.

माझं माहेर हिवरा आश्रमाजवळचं. घरी तीन भाऊ. संक्रांतीला तिघे घराच्या धाब्यावर पतंग उडवायचे आणि मी मांज्याची चकरी धरायची. ‘ताई, ढील दे’, ‘ताई, गुंडाळ’, ‘ताई, नीट धर ना’. पतंग कधी माझ्या हातात आला नाही, आणि मी मागितलाही नाही, कारण बहिणीने चकरी धरायची असते हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, ते ठरलेलंच असतं. त्याचं मला फार दुःख वगैरे नव्हतं. पण त्या किनाऱ्यावर ती मुठी धरलेली मनगटं पाहिली आणि मला लख्ख कळलं. मला ती गाडी चालवायची होती. बसायची नव्हे, चालवायची. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून.

परत आल्यावर सुधाकरने मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती पालथ्या घातल्या आणि तशीच एक गाडी शोधून काढली. तिला बग्गी म्हणतात. पुण्यातला आल्हाद नावाचा तरुण विकत होता, कारण घरात बाळ आलं होतं आणि सोसायटीला पार्किंगमध्ये बग्गी चालत नव्हती. आम्ही मुलांकडे गेलो तेव्हा बघायला गेलो. आल्हादने बग्गी पुसून ठेवली होती, आणि तिच्याकडे तो असा बघत होता की मला त्याचीच दया आली.

“काका, बग्गी दुय्यम आहे,” तो म्हणाला. “आधी पतंग शिका. महिनाभर नुसता पतंग. तो हातात बसला की मग गाडीत बसा.” त्याने दोन पतंग दाखवले, एक लहान शिकण्याचा, एक मोठा. चार दोऱ्या, दोन मुठी. वरच्या दोऱ्यांनी उडवायचं, खालच्यांनी आवरायचं. मनगटाला पट्टे. “घाबरलात तर दोन्ही मुठी सोडून द्या. पट्ट्यामुळे पतंग मान टाकतो. हाच ब्रेक.”

सुधाकर ‘ब्रेक’ या शब्दापाशी अडकला. “म्हणजे गाडीले ब्रेकच नाही?”

“लागत नाही, काका.”

“अन् स्टेपनी?”

आल्हाद हसला. मी हसले नाही. मी मुठी हातात घेऊन बघत होते. त्यांवरचं रबर त्याच्या बोटांनी झिजलं होतं आणि माझी बोटं त्या झिजलेल्या जागी बरोबर बसत होती. “काकू, तुम्ही पण उडवा बरं का,” आल्हाद म्हणाला, पण तो पुण्याचा, तिकडे असं सगळ्यांना म्हणायची पद्धत आहे.

बग्गीचा सौदा करून येताना ट्रॅव्हल्समध्ये मी ठरवलं की आता सांगून टाकायचं. अहो, मला चालवायची आहे. सोपं वाक्य आहे, पहिलीतल्या पोराला वाचता येईल. मी तोंड उघडलं तेवढ्यात सुधाकर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “तुह्यासाठी मागं मस्त सीट करू. मी समुद्रावर मजा करून राह्यलो अन् तू एकटी वाळूत चपला सांभाळत बसली, हे मले नाही पटत. दोघं बसू.”

तो भांडला असता तर मी भांडले असते, त्यात मी कमी नाही. पण तो माझ्यासाठी जागा करत होता. मी तोंड मिटलं आणि शेंगदाणे काढले.

बग्गी ट्रान्सपोर्टने आली ती शनिवारी. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. सुधाकर म्हणतो, ‘मी मानत नाही.’ पण ‘मुद्दाम कशाला?’ हेही तोच म्हणतो. स्टेनलेस स्टील लोखंडात धरायचं का यावर ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये चार माणसांची चर्चा झाली आणि निकाल लागला नाही. शेवटी रविवारपर्यंत बग्गी कोकिळेच्या अंगणात ठेवली.

“वा! म्हणजे साडेसाती माह्या घरी लावता काय?” कोकिळा म्हणाली, पण रात्री बग्गीवर चादर टाकून आली.

रविवारी बग्गी राजकुमारच्या वर्कशॉपमध्ये गेली. राजकुमार ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टायरच्या बैलगाड्या करतो. त्याने केलेली ट्रॉली कपाशीने शिगोशीग भरून जिनिंगच्या रांगेत आठवडाभर उभी राहिली तरी कण्हत नाही, असं त्याचं नाव आहे. त्याने बग्गी एका हाताने उचलली आणि त्याला वाईट वाटलं.

“काका, हे तं लेकराचं खेळणं हाये. एका हातानं उचलते.”

“मंग मजबूत कर,” सुधाकर म्हणाला.

चूक तिथे झाली, आणि ती चूक आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाने केलीच असती. आमच्याकडे हलकी वस्तू म्हणजे फसवलेली वस्तू. पलंग घेताना माणूस आधी एक टोक उचलून बघतो आणि नीट उचलला गेला नाही की समाधानाने मान डोलावतो. तर राजकुमारने बग्गीला मागे लोखंडी अँगल जोडून लांब केलं, कारण माझी सीट बसायला जागा हवी होती. सीट मोडीतल्या रिक्षाची आणली, तिला नवीन मरून रेक्झिन चढवलं. मग सुधाकरला ब्रेक आठवला, म्हणून मागच्या टायरला घासणारी एक दांडी झाली. किनाऱ्यावर वाळू उडेल म्हणून मडगार्ड. जेवणाचा डबा कुठे ठेवायचा म्हणून कॅरिअर. वर्कशॉपमध्ये ट्रॉलीच्या कामाला येणारा प्रत्येक शेतकरी उभा राहून बग्गी बघायचा आणि जाताना काहीतरी सुचवून जायचा. भोंगा आणि आरसा ही त्यांची देणगी.

आणि एक दिवस सुधाकर घरी आला तो फार खुशीत. “आज काय लावलं सांग.”

“काय?”

“साडीगार्ड.”

मोटारसायकलला डाव्या बाजूला असतं तसं, बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी. आडवं बसायला पायदान. धरायला हँडल. “तुले एका बाजूनं बसायची सवय हाये न. मी बराबर मोजून घेतलं,” तो म्हणाला. त्याने माझ्या पावलाची लांबी चप्पल नेऊन मोजली होती. दोन दिवस मी ती चप्पल घरभर शोधत होते.

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी मला त्याच्या टकलावर हात फिरवावासा वाटला. लग्न झालेल्या बाईला या दोन गोष्टी एकदम होऊ शकतात.

या सगळ्यात पतंगाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सुधाकरने तो सुरुवातीला दोनदा उडवून बघितला. पहिल्यांदा पतंग उठलाच नाही. दुसऱ्यांदा उठला आणि सुधाकरला पोटावर आडवा करून ग्राउंडभर फरफटत नेला. मुठी सोडायच्या असतात हे तो विसरला. हनुवटीला पट्टी लावून घरी आल्यावर म्हणाला, “गाडीत बसल्यावर आपोआप जमते ते. तू जरा दोऱ्यांचा गुंता काढून ठेवजो.”

गुंता काढायला बसले ती मी. चार दोऱ्यांचा गुंता, दोन दुपारी गेल्या. आणि गुंता सुटल्यावर तो नीट सुटला की नाही हे बघायला नको का? म्हणून दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना पिशवी घेतली. कॉलेजच्या ग्राउंडवर सकाळी वारा बेताचा असतो. कोकिळेने लहान पतंग दूर नेऊन दोन्ही हातांनी उभा धरला, मी मुठी ओढल्या, तिने सोडला, आणि तो उठला.

ते कसं होतं ते सांगते. दोरी हाताला सांगते. पतंग दिसायच्या आधी दोरीत कळतं की तो कुठे चालला आहे. डावी मूठ जराशी ओढली की तो डावीकडे मान वळवतो. जास्त ओढली की गरकन फिरून खाली येतो. वाऱ्याच्या मधोमध आणला तर जीव खाऊन ओढतो, डोक्यावर नेऊन ठेवला तर शहाण्यासारखा उभा राहतो. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा पडले. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याकडून आडवा आठ काढून घेऊ लागले. नंतर मोठा पतंग घेतला. त्याने मला उभ्याने चप्पल घासत ओढत नेलं, मी मागे रेलले, टाचा रोवल्या आणि त्याला वर नेऊन शांत केलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले. फिरायला आलेले दोन प्राध्यापक दुसऱ्या बाजूने गेले.

“सुलभाताई,” कोकिळा म्हणाली, “तुमी त्याईले सांगत काऊन नाही? गाडी तुमीच चालवा म्हणा.”

“त्यांनी साडीगार्ड लावलं गं.”

“मंग?”

“मग काय? तुझ्या नवऱ्याने कधी तुझ्यासाठी काही लावलं का?”

कोकिळेने विचार केला. “कुकरची शिट्टी लावली होती एकदा. उलटी.”

सुधाकरला मी सांगत असे की पतंग उडवते. तो म्हणायचा, हाव, हाव, खेळ, हात मोकळा होते. आणि पुन्हा सीटच्या गादीत स्पंज किती इंच घालायचा ते विचारायचा. जितका तो माझ्या सीटवर जीव लावत होता तितकं मला बोलणं अवघड होत चाललं होतं. त्यात शेवटी त्याने मागच्या बाजूला रेडियमची अक्षरं चिकटवून आणली. आमच्याकडे गाडीवर आईवडिलांची कृपा असते, नाहीतर मुलांची नावं असतात. त्याने लिहिलं होतं ‘सुलभा’. राजकुमारच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर बायकोचं नाव गाडीवर टाकायला आमच्या वयाच्या माणसाला हिंमत लागते. मी ते वाचलं आणि घरात जाऊन कणीक मळली, गरज नसताना.

ठरलं असं होतं की पावसाळा सरला की बग्गी कोकणात न्यायची. पण त्याआधी, गावाजवळच्या धरणात पाणी यायच्या आत, इथेच चालवून पक्की करायची. धरणाचा तळ उन्हाळ्यात उघडा पडतो. कुठे गाळ भेगाळलेला आहे आणि कुठे मुरूम टणक आहे हे सुधाकरला पाठ; नोकरीभर त्याने त्याच पाण्याची पातळी कागदावर उतरवली होती. मे महिन्यात चारनंतर तिथे पश्चिमेचा वारा सुटतो. राजकुमारच्या टेम्पोत बग्गी चढवायला चार माणसं लागली. राजकुमारला त्याचं समाधान वाटलं.

मी पंजाबी ड्रेस घालून आले तर सुधाकरचा चेहरा उतरला. “साडी नाही नेसली? साडीगार्ड लावलं न मी.”

“समुद्रावर नेसीन,” मी म्हटलं.

राजकुमारने नारळ फोडला. सुधाकर हेल्मेट घालून पुढे बसला, मी मागे, पाय पायदानावर, हात हँडलवर. सीट मऊ होती. खरं सांगते, इतकी आरामशीर सीट मला कुठल्या बसमध्ये मिळाली नाही. कोकिळेने पतंग नेऊन उभा धरला आणि सोडला. पतंग उठला, सुधाकरने उजवं ओढलं, पतंग गरकन वळून जमिनीवर आपटला. पुन्हा उठला. “डावं ओढा, डावं,” मी मागून म्हटलं. त्याने दोन्ही ओढले. पुन्हा आपटला. कोकिळा पळत जायची, उचलायची, धरायची. तिची ओढणी दमून गेली. माझी बोटं त्या हँडलवर आपोआप हलत होती. तो चुकायच्या आधी मला कळायचं की आता चुकणार, आणि मी काही करू शकत नव्हते. मांजराला पिंजऱ्यातून उंदीर दाखवावा तसं झालं माझं.

अखेर वारा वाढला आणि पतंग कसाबसा मधोमध येऊन ताणला. दोऱ्या टणक झाल्या. बग्गी कुरकुरली, हातभर सरकली आणि थांबली. राजकुमारने मागून लोटली. हातभर आणखी. तेवढ्यात पतंग मान टाकून खाली आला.

“लोड लय झाला, काका,” राजकुमारने कबूल केलं.

मग सगळं उतरवायला सुरुवात झाली. भोंगा निघाला, आरसा निघाला. कॅरिअर निघालं, त्यातला डबा कोकिळेने मांडीवर घेतला. मडगार्ड गेले. ब्रेकची दांडी काढताना सुधाकरचे हात थबकले, पण ती गेली. पुन्हा बसलो, पुन्हा पतंग ताणला, बग्गी चार हात गेली आणि थांबली. मुरुमावर बाजूला सगळ्या वस्तूंचा ढीग झाला, भंगाराच्या दुकानासारखा. राजकुमार पान्हा हातात घेऊन उभा होता. तो सीटकडे बघत होता.

“सीट निघणार नाही,” सुधाकर म्हणाला.

“काका, सीट, मागचा अँगल अन् काकू, हेच वजन हाये आता. नटबोल्टावर हाये, पाच मिनटात निघते. तुमी एकटे बसा, पळते का नाही पाहू.”

“नाही म्हटलं न बे. मी एकटा काय करू समुद्रावर? हिले वाळूत बसवून मी इकडून तिकडं पळू? त्यापेक्षा त्या पोट्ट्याले परत देऊन टाकीन.” त्याने मुठी खाली ठेवल्या, हेल्मेट काढलं आणि मुरुमावर फतकल मारून बसला. कोकिळेने माझ्याकडे बघितलं. राजकुमार टायरमधले खडे काढू लागला.

तो खरोखर परत देणार होता, माझ्यासाठी. आणि मी गप्प बसले तर तो जन्मभर सांगणार होता की मी सुलभासाठी ती गाडी परत दिली, आणि लोक मला म्हणणार होते, नशीबवान आहात.

मी सीटवरून उतरले. “सीट काढा,” मी म्हटलं. “मले मागं बसायचंच नाही.”

“तू माह्यासाठी म्हणून राह्यली.”

“नाही. मी माझ्यासाठी म्हणते. मले गाडी चालवायची आहे. मी एकटीनं. कोकणात पाहिली तेव्हापासून.”

वाऱ्याने पडलेला पतंग फडफडत होता.

“तू?” सुधाकर म्हणाला.

“मी.”

“मंग आधी काऊन नाही बोलली?”

“कधी बोलू? तुम्ही साडीगार्ड लावून राह्यले होते!”

राजकुमारला हसू आलं, त्याने ते टायरमध्ये घातलं. सुधाकर हसला नाही. त्याचं तोंड लाल झालं होतं आणि त्याला लागलं होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. तरी मी शब्द मागे घेतला नाही. तो उठला, राजकुमारच्या हातातून पान्हा घेतला आणि स्वतः सीटचे बोल्ट काढायला लागला. एक जाम होता, त्याच्यावर त्याने सगळा राग काढला. सीट निघाली, अँगल निघाला, साडीगार्ड निघालं. माझ्या नावाची पट्टी अँगलबरोबरच गेली. खाली उरली ती आल्हादची बग्गी, हलकी, एका हाताने उचलता येणारी.

मी बसले. जमीन एकदम जवळ आली. पाय दांडीवर ठेवले, मनगटाला पट्टे बांधले. सुधाकर समोर आला, स्वतःचं हेल्मेट त्याने माझ्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखालचा पट्टा आवळला. “घट्ट होते काय?”

“नाही.”

“भेव वाटलं तं सोडून देजो. मुठी सोडून देजो, सुलभा. मी सोडल्या नव्हत्या.”

“माहीत आहे.”

पतंग धरायला या वेळी तोच गेला. कोकिळेने कसा धरायचा ते त्याला ओरडून सांगितलं. मी ओढलं, त्याने सोडला, आणि पतंग सरळ डोक्यावर जाऊन उभा राहिला. मी त्याला थोडा वेळ तिथेच ठेवला. मग डावी मूठ खाली घेतली.

बग्गी सुटली. हळू नाही, एकदम. पाठ मागे दाबली गेली, चाकांखाली मुरूम करकरला, डोळ्यांत धूळ गेली, आणि मी आडव्या वाऱ्यात, पाण्याशिवायच्या त्या धरणात, सरळ पळत होते. पतंग खालवर करत होता आणि दर खेपेला गाडी आणखी जोर घेत होती. पायाने जरा ढकललं की वळायची. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते माहीत नाही. कोकिळा म्हणते, मी ‘ढील दे’ ओरडत होते, पण कोकिळेचं सगळं खरं धरायचं नसतं. धरणाची भिंत जवळ आली तेव्हा पतंग वर नेला, गाडी वाऱ्याकडे वळवली, मंद झाली, थांबली. मी मुठी सोडल्या. पतंग अलगद खाली बसला. मी गाडीतच बसून राहिले आणि मला रडू आलं. दुःख काहीच नव्हतं. इतके दिवस हे मला येत होतं आणि मला माहीत नव्हतं, एवढंच.

सुधाकर तेवढं अंतर चालत आला. पळत निघाला होता, मधे दमला, मग चालला. जवळ येऊन गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. तो आता काय बोलेल याची मला भीती वाटली. रागावला असता तर मी समजू शकले असते. त्याचा सबंध उन्हाळा तिकडे ढिगात पडला होता.

“लागलं काय?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मंग रडून काऊन राह्यली?”

“असंच.”

तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला. माझ्या मनगटाच्या पट्ट्याला लोंबणारी मूठ त्याने घेतली, फिरवून बघितली, माझ्या हातात दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मले शिकवशील?”

अर्ध्या तालुक्याला मी बेरीज-वजाबाकी शिकवली. नवऱ्याने मात्र मला कधी काही विचारलं नव्हतं. मिक्सर कसा लावायचा हेसुद्धा तो कोकिळेच्या नवऱ्याला फोन करून विचारतो. मी शाळेतला आवाज काढला. “आधी पतंग. गाडीला हात लावायचा नाही. सकाळी साडेपाचला ग्राउंडवर. उशीर चालणार नाही.”

“हाव,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी तयार होऊन ओट्यावर बसला होता, बुटांच्या नाड्या दोनदा बांधून. कोकिळा पतंग धरून उभी राहिली. मी त्याच्या मागे उभी राहून त्याच्या हातांवर हात ठेवले, वारा कुठून येतो ते सांगितलं, मग हात काढून घेतले आणि बाजूला झाले. पतंग उठला, क्षणभर थरारला. सुधाकरने जीव खाऊन उजवं ओढलं. पतंग गरकन फिरला आणि आपटला.

त्याने ओशाळून माझ्याकडे बघितलं. इतका मोठा माणूस, आणि चूक झाल्यावर पोरं बाईंकडे बघतात तसाच बघत होता.

“पुन्हा,” मी म्हटलं.